शून्य रुपयांचं तिकीट

आजचा एपिसोड छोटाच, निमोण्याच्या माझ्या आजोबांवर.

आजोबा साखर कारखान्यातून 2005 ला रिटायर झाले. ईपीएस-95 ची किमान पेन्शन 2014 पासून महिना 1000 रुपये, यांना तेवढीच. माझा एका वीकेंडचा खर्च! घरचं धान्य आहे म्हणून भागतं. त्यामुळे शिरूरच्या बाजाराला जायचं तरी आधी भाड्याचा हिशोब.

आता थोडा इतिहास. एसटीची पहिली गाडी 1 जून 1948 ला नगरहून पुण्याला सुटली, याच शिरूरवरून. आणि 26 ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट झाली. गंमत बघा, त्या दिवशी ज्यांना ही सवलत मिळाली ते सगळेच एसटीपेक्षा वयाने मोठे! आजोबा त्यातलेच.

आता ते दर बाजाराला जातात. कंडक्टर शून्य रुपयांचं तिकीट देतो, ते घडी करून खिशात. वाचलेल्या भाड्यात स्टँडवर चहा आणि भजी.

मी म्हटलं, "आजोबा, गाडीने सोडतो की."

"तुझ्या गाडीत गप्पा मारायला कोण असतं रे?"

येताना आजीसाठी भज्यांचा पुडा असतोच. घरी पोचेपर्यंत गार झालेला, पण ती वाट बघते.