हाली आणि कलदार

धाराशिव जिल्ह्याच्या, म्हणजे निजामी अमलांतील उस्मानाबाद जिल्ह्याच्या, शेतकऱ्यास दोन रुपयांचा संसार करावा लागे. कापूस बार्शीस नेला कीं हातीं पडे तो इंग्रजी मुलखाचा कलदार रुपया. सारा मात्र भरावयाचा तो संस्थानच्या हाली रुपयांत. सात हाली म्हणजे सहा कलदार, हा ठरीव भाव. त्या हिशेबानें शंभर कलदारांस एकशें सोळा हाली रुपये, दहा आणे, आठ पै! हें गणित कुणब्यास तोंडीं कसें जमावें? तें सराफास जमे, आणि मधला बट्टाही त्याच्याच पदरीं पडे. वाटेंत करोडगिरीचा नाका होताच.

१९१८ सालापासून संस्थानच्या नोटाही निघूं लागल्या. हें चलन व सरकारी कर्ज सांभाळण्यासाठीं १९४१ च्या कायद्यानें हैदराबाद स्टेट बँक स्थापन झाली व ५ एप्रिल १९४२ रोजीं तिचें काम सुरू झालें. भांडवलांत ५१ टक्के वाटा सरकारचा. तथापि या नोटांमागें ठेवलेल्या तारणांत हिंदुस्थान सरकारचे रोखे होते. छाप निजामाचा असला तरी भाव टिकला तो कलदाराच्या आधारावर.

१९४७ सालीं निजाम सरकारास याचाच विसर पडला. २९ नोव्हेंबरचा जैसे थे करार होतो न होतो तोंच हिंदी चलन संस्थानांत कायदेशीर नाहीं असें त्यानें ठरविलें, आणि पाकिस्तानास वीस कोटी रुपयांचें कर्ज देऊं केलें. तेंही हिंदुस्थान सरकारच्या रोख्यांतच! बार्शी-सोलापुराच्या बाजारावर जगणाऱ्या या जिल्ह्यास तो वटहुकूम म्हणजे पायांतील खोडाच होता.

१३ सप्टेंबर १९४८ रोजीं हिंदी सैन्य सोलापुराहून नळदुर्गावर आलें. १७ तारखेस निजामानें शरणागति पत्करली. संस्थानचा कांहीं पैसा मात्र सैन्याच्या आवांक्याबाहेर, लंडनच्या वेस्टमिन्स्टर बँकेंत होता. मोईन नवाज जंग या मंत्र्यानें त्याच महिन्यांत त्यांतील १० लाख ७ हजार ९४० पौंड पाकिस्तानच्या हायकमिशनरच्या नांवें फिरविले. निजामानें ते परत मागितले, बँक देईना. परक्या सार्वभौम सत्तेवर दावा चालत नाहीं, या कारणानें १९५७ सालीं हाउस ऑफ लॉर्ड्सनें प्रकरण थांबविलें. अखेर २ ऑक्टोबर २०१९ रोजीं लंडनच्या न्यायालयानें भारत सरकार व निजामाचे वारस यांच्या बाजूनें निकाल दिला, तेव्हां रक्कम सुमारे साडेतीन कोटी पौंडांवर गेली होती.

तोंपर्यंत हाली नाणें १९५९ सालींच चलनांतून गेलें होतें, आणि १९५६ सालीं रिझर्व्ह बँकेनें ताब्यांत घेतलेली ती बँकही १ एप्रिल २०१७ रोजीं भारतीय स्टेट बँकेंत विलीन झाली होती.