दारूगोळा कोठे, धान्य कोठे? मराठ्यांच्या गडांवरील कोठारांची व्यवस्था

१/९
११ सप्टेंबर १७५१. सिंहगडावरील दारूकोठारावर वीज कोसळली. बंदुकीच्या दारूचा साठा पेटला आणि त्या स्फोटात गडावरील फडणिसांचे घर उद्ध्वस्त होऊन घरातील माणसे मृत्युमुखी पडली. वीज कोठे पडावी हे कोणाच्या हाती नसते. कोठार आणि घर यांत अंतर किती असावे, हे मात्र माणसांनीच ठरवायचे असते.

२/९
या प्रश्नाचा विचार मराठी राज्यकारभारात त्याआधीच झालेला होता. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त, म्हणजे या दुर्घटनेच्या सुमारे साडेतीन दशके आधी, दारूखान्याविषयी स्पष्ट नियम आढळतात. दारूखाना सदरेजवळ नसावा, घरांच्या वाऱ्याखाली नसावा; सर्व वस्तीपासून सुटी अशी जागा त्यासाठी राखावी. वाऱ्याचा उल्लेख महत्त्वाचा आहे. चुलीतील एखादी ठिणगी वाऱ्याबरोबर कोठारापर्यंत पोहोचू नये, हा त्यामागील हेतू.

३/९
जागा ठरल्यावर रचना. भोवती निर्गुडी इत्यादींचे कुंपण, आत घर, घरात तळघर, तळघरात पक्की गच्ची केलेली जमीन, तिच्यावर माच आणि त्या माचावर दारूची मडकी. बाण, होके यांसारखी सामग्री मात्र मधल्या घरात. एकाच इमारतीतही कोणती वस्तू कोणत्या भागात ठेवावी, हे ठरलेले होते. दारूचा साठा थेट जमिनीवर ठेवायचा नाही, कारण सह्याद्रीच्या पावसाळ्यात तिचा मोठा शत्रू म्हणजे ओल. दमट दारू ऐन प्रसंगी पेट घेत नाही.

४/९
साठा ठेवून विसरून जाण्याचीही सोय नव्हती. दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः यावे, दारू व बाण बाहेर काढून ऊन द्यावे आणि पुन्हा मुद्रा करून, म्हणजे मोहोरबंद करून, ठेवावे. रात्रंदिवस पहारा असावा. परवानगीविना कोणासही आसपास फिरकू देऊ नये. मोहोर शाबूत असेल तर मागील तपासणीनंतर साठ्याला कोणाचा हात लागलेला नाही, हे पाहताक्षणी कळे.

५/९
या नियमांच्या मुळाशी एक जुनी पद्धत होती. वस्तूंच्या प्रकारानुसार खाती आणि जागा वेगळ्या ठेवल्या जात. त्यांना ‘कारखाने’ म्हणत. धान्याचा अंबारखाना, शस्त्रांचा जिरातखाना, तंबू व बिछायतींचा फरासखाना, दारूगोळ्याचा दारूखाना. परंपरा अठरा कारखान्यांची आहे, जरी निरनिराळ्या याद्या परस्परांशी तंतोतंत जुळत नाहीत. गडावरील या साठ्याचा जमाखर्च कारखानीस लिही. शिपायांची हजेरी व दफ्तर सबनिसाकडे, तर गडाची मुख्य जबाबदारी हवालदाराकडे. माल ज्याच्या ताब्यात, हिशेब त्याच्याच हाती नाही. अफरातफर रोखण्याचा हा साधा उपाय होता.

६/९
धान्याचे नियम वेगळे, म्हणून त्याची वास्तूही वेगळी. पन्हाळ्यावर गंगा, यमुना आणि सरस्वती अशी तीन कोठारे आजही उभी आहेत. ती शिवकाळापूर्वीची असून त्यांत गंगा सर्वांत मोठे. बाहेरील जिन्याने छतावर जाता येते आणि छतातील झरोक्यांतून धान्य आत ओतता येत असे. १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यात शिवाजी महाराज सुमारे चार महिने याच गडावर होते. वेढ्यात गड किती काळ टिकेल हे तटबंदीइतकेच कोठारातील साठ्यावर अवलंबून असे.

७/९
गडाबाहेरील छावणीलाही हीच शिस्त लागू होती. राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूण भागातील हलवर्णच्या छावणीतील लष्करी अधिकाऱ्यांना महाराजांनी पाठविलेले पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी साठविलेला दाणा व वैरण आधीच संपवाल तर पुढे घोडी उपाशी मरतील आणि तुम्ही कुणब्यांच्या घरांना उपद्रव द्याल, असे त्यात बजावले आहे. गवताच्या गंजीजवळ आगट्या नकोत, तंबाखू ओढणे नको; रात्री दिवा जळता ठेवू नये, कारण जळती वात उंदीर ओढून नेईल आणि सारी गंज पेटेल.

८/९
पत्र उंदरापाशी थांबत नाही. वैरण जळाली तर घोडी जातील, घोडी गेली तर लष्कर दुबळे होईल, आणि उपाशी लष्कराचा भार शेवटी रयतेवर पडेल. साठ्याची हेळसांड हा केवळ कोठीवाल्याचा दोष मानलेला नाही. तिची किंमत शेतकरी मोजतो, ही जाणीव त्यामागे आहे.

९/९
आता पुन्हा सिंहगड. आज्ञापत्र हे कोल्हापूरच्या गादीकडील. त्याचे नियम १७५१ च्या सिंहगडावर बंधनकारक नव्हते. धोका मात्र तोच होता. वस्तीपासून सुटी जागा, हा एक नियम वीज टाळू शकला नसता. हानी कोठारापुरती राखणे मात्र त्याच्याने शक्य होते. गडावर गेल्यावर दारूकोठाराची दगडी इमारत दिसते. तेथून सभोवार पाहावे आणि घरे किती जवळ असतील, याचा अंदाज घ्यावा.