कमांड लाइनमधील रंगीत आउटपुट

कमांड लाइनमधील रंगीत आउटपुट म्हणजे टर्मिनलवर चालणाऱ्या आज्ञांनी आपला मजकूर अर्थानुसार निरनिराळ्या रंगांत दाखवण्याची सोय होय. लिनक्स, मॅकओएस यांसारख्या युनिक्सवर्गीय प्रणालींतील ‘एलएस’ (फाइलींची यादी), ‘ग्रेप’ (मजकुरातील शोध), ‘गिट’ (आवृत्ती नियंत्रण) इत्यादी आज्ञांमध्ये ती आढळते. रंग केव्हा व कोणते वापरावेत, हे वापरकर्त्याला ठरवता येते.

इतिहास

मजकुरातच नियंत्रण-संकेत मिसळण्याची पद्धत ‘ईसीएमए-४८’ या मानकाने १९७६ साली निश्चित केली. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या ‘व्हीटी१००’ (१९७८) या टर्मिनलमुळे तिचा प्रसार झाला; तो टर्मिनल स्वतः मात्र एकरंगी होता. १९७९ साली अमेरिकी मानक संस्थेने अशाच स्वरूपाचे मानक स्वीकारल्यामुळे हे संकेत ‘आन्सी संकेत’ म्हणून ओळखले जातात. विंडोज १० च्या कन्सोलमध्ये त्यांना २०१६ साली आधार मिळाला.

कार्यपद्धती

संकेताच्या आरंभी ‘एस्केप’ हे २७ क्रमांकाचे अदृश्य चिन्ह असते. त्यानंतर डावा चौकटी कंस, रंगाचा क्रमांक आणि शेवटी रोमन ‘एम’ हे अक्षर येते. ३० ते ३७ हे क्रमांक अक्षरांच्या, तर ४० ते ४७ पार्श्वभूमीच्या रंगासाठी आहेत. उदा. ३१ म्हणजे तांबडा, ३२ हिरवा आणि ३४ निळा. ० या क्रमांकाने सर्व पूर्ववत होते. पुढे २५६ रंगांची, तसेच सुमारे १ कोटी ६७ लाख छटांची पद्धतही रूढ झाली. मूळ आठ रंगांची नेमकी छटा टर्मिनलच्या रंगसंचावर अवलंबून असते.

संरचना

जीएनयू आज्ञांमध्ये ‘कलर’ या पर्यायाची तीन मूल्ये आहेत. ‘ऑलवेज’ने रंग नेहमी येतात, ‘नेव्हर’ने कधीच येत नाहीत आणि ‘ऑटो’ने आउटपुट टर्मिनलवर जात असेल तरच येतात. ‘एलएस’चे रंग ‘एलएस_कलर्स’ या पर्यावरण-चलात, तर ‘ग्रेप’चे ‘ग्रेप_कलर्स’मध्ये नोंदवले जातात. पहिल्या चलाची मांडणी ‘डीआयआरकलर्स’ ही आज्ञा तयार करून देते. ‘गिट’मध्ये आवृत्ती १.८.४ (२०१३) पासून ‘ऑटो’ हे मूलभूत मूल्य आहे. ‘नो_कलर’ या चलाला कोणतेही मूल्य दिल्यास रंग बंद व्हावेत, असा संकेत २०१७ मध्ये मांडला गेला. तो पाळणे प्रत्येक आज्ञावलीवर बंधनकारक नाही.

मर्यादा

‘ऑलवेज’ वापरून आउटपुट फाइलीत साठवल्यास रंगांचे संकेतही मजकुराचा भाग बनतात. उदा. शिरोळ तालुक्यातील गावांच्या यादीत ‘वाड’ हा शब्दांश शोधल्यास ‘कुरुंदवाड’ व ‘नृसिंहवाडी’ ही दोन्ही नावे मिळतात. परंतु रंगाचे संकेत ‘नृसिंह’नंतर आणि ‘वाड’नंतर घुसतात व शेवटची वेलांटी आपल्या अक्षरापासून तुटते. अशा फाइलीत पुढे ‘नृसिंहवाडी’ हे पूर्ण नाव शोधल्यास ते सापडत नाही, आणि आज्ञा कोणतीही चूक दाखवत नाही. टर्मिनलवर मात्र संकेत अदृश्य असल्याने यादी निर्दोष भासते. यास्तव अन्य आज्ञेकडे किंवा फाइलीत जाणाऱ्या मजकुरासाठी ‘ऑटो’ वा ‘नेव्हर’ योग्य ठरते. रंगीत मजकूर पानापानाने वाचण्यासाठी ‘लेस’ या आज्ञेला रोमन मोठ्या लिपीतील ‘आर’ हा पर्याय द्यावा लागतो.

तांबडा-हिरवा भेद न जाणवणाऱ्या व्यक्तींना केवळ रंगाने दिलेली माहिती कळत नाही. ‘गिट’ वगळलेल्या ओळी तांबड्या व नव्या ओळी हिरव्या दाखवते. तथापि त्यांच्या आरंभी वजा व अधिक ही चिन्हेही असल्यामुळे रंगाविना अर्थ कायम राहतो.