देवळालीचे दोन कैदी

देवळालीच्या लष्करी बराकी मला लहानपणापासून ओळखीच्या. शाळा सुटली की त्या रस्त्यानं आम्ही सायकली दामटायचो आणि तोफांच्या सरावाचे आवाज आले की एकमेकांना घाबरवायचो. त्याच देवळालीत एके काळी दोन गिर्यारोहक कैदेत होते, आणि पुढं भर हिवाळ्यात त्यांनी तिबेटचं पठार पायी ओलांडलं, हे मात्र मला फार उशिरा, पुस्तकातून कळलं. तेव्हापासून डोंगरवाटांचा बेत आखायला बसलो की मला या दोघांची आठवण होते.

एकाचं नाव हाइनरिश हॅरर, दुसऱ्याचं पीटर आउफश्नायटर. दोघेही ऑस्ट्रियाचे. हॅररनं 1938 मध्ये आयगर शिखराची उत्तर भिंत पहिल्यांदा चढणाऱ्या चौघांत स्थान मिळवलं होतं. आउफश्नायटर त्याच्याहून तेरा वर्षांनी मोठा, कांचनगंगेच्या 1929 आणि 1931 च्या मोहिमांत मुरलेला, आणि मुख्य म्हणजे तिबेटी भाषा जाणणारा. 1939 मध्ये चार जणांची एक तुकडी नंगा पर्बतची पाहणी करायला आली, तिचा तो नेता होता. परतीच्या बोटीची वाट पाहत मंडळी कराचीत थांबली आणि तेवढ्यात महायुद्ध पेटलं. शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून त्यांना पकडण्यात आलं. आधी अहमदनगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर, मग आमचं देवळाली आणि शेवटी देहरादून, असा त्यांचा कैदेतला प्रवास झाला.

नकाशा समोर घेतला तर गंमत दिसते. नगर-देवळालीहून गाठता येण्याजोगा एक तटस्थ मुलूख म्हणजे पोर्तुगीजांचा गोवा. देहरादूनला नेल्यावर तोच तिबेट झाला. कैद्यांना उत्तरेकडे हलवून इंग्रजांनी नकळत दोन गिर्यारोहकांना हिमालयाच्या पायथ्याशीच आणून ठेवलं!

हॅररनं देहरादूनला काय केलं? कैदेतल्या रिकाम्या वेळात तो प्रवासवर्णनं वाचायचा, नकाशे उतरवून घ्यायचा, हिंदुस्थानी आणि तिबेटी घोकायचा. 1943 मध्ये एका इटालियन जनरलबरोबर तो पळाला, गंगेच्या खोऱ्यातून वर नेलांगपर्यंत पोचला आणि पकडला गेला. शिक्षा म्हणून 28 दिवस एकांतकोठडी मिळाली. पण वाट पायाखालून गेली होती. पुढच्या बेताचा अर्धा भाग या अपयशातच तयार झाला.

29 एप्रिल 1944 ला सात जण तळाच्या दरवाजातून सरळ चालत बाहेर पडले. दोघांनी इंग्रज अधिकाऱ्याचा वेष घेतला होता, बाकीचे पाच काटेरी तारा दुरुस्त करणारे देशी मजूर झाले होते. अधिकारी झालेले दोघे कलकत्त्याच्या दिशेनं गेले आणि थेट ब्रह्मदेशात जपानी फौजांपर्यंत पोचले. उरलेले डोंगराकडे वळले.

आता हे आकडे पाहा. पाचांपैकी एकाला उंचीचा त्रास झाला, तो मागं फिरला. चौघे 17 मे ला त्सांगचोक ला ही खिंड ओलांडून तिबेटात शिरले. तिथल्या अधिकाऱ्यांनी त्यांना शिपकी खिंडीतून परत हिंदुस्थानात धाडलं, ते पुन्हा तिबेटात घुसले. या फेऱ्यात आणखी एक जण गळाला. त्राडुन गावात अडकून पडल्यावर तिसऱ्यानं नेपाळची वाट धरली आणि तो पुन्हा इंग्रजांच्या हाती पडला. राहिले ते दोघे.

इथं थोडं स्वतःबद्दल सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही सहा मित्र हिवाळ्यात हिमाचलातली एक बर्फाळ वाट करायला निघालो होतो. माझी यादी चांगली चार पानांची होती. बिस्किटांचे पुडेसुद्धा माणशी मोजून लिहिलेले. पण एखादा आजारी पडला तर त्याच्याबरोबर खाली कोण उतरणार, याबद्दल त्या चार पानांत एक ओळ नव्हती. तिसऱ्या दिवशी एकाला उलट्या सुरू झाल्या आणि ती चर्चा आम्ही बर्फात उभं राहून, बोटं बधिर होत असताना केली. कोणीच खाली जायला राजी नव्हतं. शेवटी सगळेच उतरलो. मित्र वाचला, पण दोघांत आलेला अबोला वर्षभर टिकला.

हॅरर आणि आउफश्नायटर 1945 च्या सुरुवातीपासून क्यिरोंगला राहिले. हे नेपाळच्या सीमेजवळचं गाव, भोवती दाट जंगल. सह्याद्रीत फिरणाऱ्या आपल्यासारख्यांना झाडांची सीमा ही गोष्ट सहज समजत नाही, कारण कळसूबाई अवघी 1646 मीटर आणि झाडं तोडली नसतील तर आपल्याकडे थेट माथ्यापर्यंत असतात. हिमालयात एका उंचीनंतर झाड उगवतच नाही. मग जळण नाही, आडोसा नाही, वारा अडवणारं काही नाही. क्यिरोंगच्या वर ही सीमा संपते आणि पुढं साडेचार-पाच हजार मीटरचं उघडं पठार.

गाव सोडून नेपाळात निघून जा, असा अधिकाऱ्यांचा तगादा चालूच होता. युद्ध संपल्याची बातमीही आली. मग पळायचं कशाला? पण पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांनी हिंदुस्थानातले तळ लगेच बंद केले नव्हते, हे या दोघांना ठाऊक होतं. पुन्हा तारांमागं जायचं नव्हतं. तेव्हा फिरायला जातो असं दाखवत त्यांनी गावाबाहेर काही मैलांवर सामान लपवून ठेवलं. 1945 च्या नोव्हेंबरात आधी आउफश्नायटर निघाला, दोन दिवसांनी हॅरर. हिवाळा तोंडावर होता.

मी एकदा कागदावर हिशेब मांडून पाहिला. थंडीत चालणाऱ्या माणसाला दिवसाला साधारण एक किलो कोरडं अन्न लागतं. दोन माणसं, सत्तर दिवस, म्हणजे जवळजवळ दीड क्विंटल. पाठीवर नेणं शक्यच नाही. म्हणून त्यांनी एक याक घेतला, त्याचं नाव ठेवलं अर्मिन. वाटेत पशुपालकांकडून मांस, लोणी आणि त्साम्पा, म्हणजे भाजलेल्या जवाचं पीठ, आपल्या सातूच्या पिठाचा भाऊच, घेत राहिले. जळण म्हणजे याकच्या गोवऱ्या. यातलं काहीही विकत घ्यायचं तर चार शब्द बोलता आले पाहिजेत, आणि पाहुणे तंबूत मावले पाहिजेत. दोन माणसं एका तंबूत कशीबशी मावतात. सात मावली नसती, आणि सात परक्यांना कोणी आत घेतलंही नसतं. हे माझं मत, हॅररचं नव्हे.

खरा निर्णय पुढं, सांगसांग नावाच्या ठिकाणी झाला. तिथून ल्हासाला दोन वाटा. दक्षिणेची शिगात्सेवरून जाणारी. वस्ती, धान्य, मुक्काम, सगळं असलेली. पण मुक्कामामुक्कामाला अधिकारी आणि परवान्याची विचारणा. उत्तरेची चांगथांगमधून, अधिकारी नाहीत, पण माणसंही जवळजवळ नाहीत, शिवाय खाम्पा दरोडेखोरांची भीती. शहाणा माणूस हिवाळ्यात दक्षिणेनं गेला असता. यांनी उत्तर निवडली. थंडी कितीही वाईट असली तरी ती परवाना मागत नाही, एवढं त्यांनी ओळखलं होतं. अडीअडचणीला दाखवायला पश्चिम तिबेटातला मुदत उलटून गेलेला एक परवाना मात्र त्यांनी जपून ठेवला होता, आणि तो कामालाही आला.

चांगथांगमध्ये त्यांच्या थर्मामीटरचा पारा उणे तीसवर थांबलेला असायचा, कारण त्याच्याखाली त्यावर खुणाच नव्हत्या. रात्री दोघं एकमेकांना चिकटून झोपायचे. एका खाम्पानं गोड बोलून त्यांना आपल्या लोकांत नेलं. लक्षण ओळखून दोघं दुसऱ्या दिवशी आल्या वाटेनं मागं फिरले. मला पूर्ण प्रवासात हे मागं फिरणं सगळ्यात मोलाचं वाटतं. कित्येक दिवसांची चाल वाया गेली म्हणून त्यांनी हट्ट केला नाही, दुसरी वाट शोधली. पुढं न्येनचेन तांगला डोंगररांग साडेपाच हजार मीटरहून उंच खिंडीनं ओलांडून 15 जानेवारी 1946 ला ते ल्हासात शिरले. अंगावर फाटकी कातडी, पायांची दुर्दशा, खिशात जवळजवळ काही नाही. एका घराच्या अंगणात जाऊन बसले आणि भोवती बघ्यांची गर्दी जमली.

हॅररबद्दल बोलताना एक गोष्ट गाळणं बरं नव्हे. 1938 मध्ये तो नाझींच्या एसएस संघटनेत दाखल झाला होता, हे 1997 मध्ये उघड झालं. ती चूक होती, असं त्यानं नंतर म्हटलं. त्याच्या पुस्तकात मात्र त्याबद्दल शब्द नाही. मी ते पुस्तक आता वाचतो तेव्हा हे माहीत असूनच वाचतो. त्याची चाल खोटी ठरत नाही, पण पूर्वीसारखं त्याच्या प्रेमात पडून वाचणं जमत नाही.

आउफश्नायटरनं ल्हासात कालव्याचं आणि विजेच्या योजनेचं काम पाहिलं, आणि दोघांनी मिळून शहराचा नकाशा तयार केला. 1950 मध्ये चिनी फौजा आल्यावर ल्हासा सुटलं. हॅरर युरोपात परतला, 1952 मध्ये त्याचं 'तिबेटमधली सात वर्षं' निघालं, जगभर गाजलं, त्यावर सिनेमाही झाला. 2006 मध्ये तो वारला. आउफश्नायटर मात्र नेपाळात राहिला, आणि जिवंतपणी त्यानं या प्रवासावर पुस्तक लिहिलं नाही. 1973 मध्ये इन्सब्रुकला त्याचं निधन झालं. त्याच्या टिपणांचं पुस्तक निघायला त्यानंतर दहा वर्षं लागली.