गिरणी कामगारांची रानवाट

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

‘मँचेस्टरचं कापड’ हे शब्द आपल्या पणजोबांच्या तोंडी सहज असत. ते कापड विणणारी माणसं सुटीत काय करत, हे मात्र आपण कधी विचारलं नाही. त्यांचीच ही गोष्ट.

इंग्लंडमधल्या लँकेशायर परगण्यात कोल्न नावाचं गिरणगाव आहे. वर्षातून एकदा, ‘वेक्स’च्या आठवड्यात, गावातल्या गिरण्या एकदम बंद होत. त्या दिवसांचा पगार नसे. वर्षभर पै-पै साठवलेली पुंजी घेऊन कामगार आगगाडीनं ब्लॅकपूलसारख्या समुद्रकिनारी जात आणि खिसा रिकामा करून परतत. तिथले तरुण धर्मोपदेशक थॉमस आर्थर लेनर्ड यांना हे पाहवेना. मला विचाराल तर वर्षभर मागाचा खडखडाट ऐकणाऱ्यानं चार दिवस मजा केली, यात पाप ते काय? पण लेनर्ड यांचं मन वेगळं होतं. १८९१च्या जूनमध्ये तीसेक तरुणांना घेऊन ते लेक डिस्ट्रिक्टमधल्या अँबलसाइडला गेले. चार दिवस नुसतं डोंगरात चालायचं! त्यातूनच १८९३मध्ये ‘को-ऑपरेटिव्ह हॉलिडेज असोसिएशन’ उभी राहिली.

संस्थेनं अतिथिगृहं चालवली. व्हिटबी इथलं अ‍ॅबी हाऊस त्यांतलंच. पाठीमागे यॉर्कशायरचा मूर पसरलेला. मूर म्हणजे उंचावरचं ओलं, उघडं माळरान. झाड जवळजवळ नाही, पायाखाली पाणी धरून ठेवणारी काळी पीट माती आणि उन्हाळ्याच्या अखेरीस हेदरच्या जांभळ्या फुलांचा गालिचा. दिवसभर वाऱ्यापावसात तंगडतोड करून यायचं, बूट वाळत घालायचे आणि सगळ्यांनी एका पंगतीत साधं जेवायचं. रात्री गाणी, एखादं व्याख्यान. दारूला मज्जाव!

गंमत अशी, की ही सुटी इतकी आवडली की कामगार मागे पडले आणि शिक्षक, कारकून मंडळींचीच गर्दी झाली. ज्यांच्यासाठी मांडव घातला, तेच बाहेर! लेनर्ड अस्वस्थ झाले. १९१३मध्ये स्वतःच उभारलेली संस्था सोडून त्यांनी ‘हॉलिडे फेलोशिप’ काढली. अशी हिंमत संस्थापकांत क्वचितच दिसते.

पण खरी अडचण अतिथिगृहाच्या दाराबाहेर होती. पूर्वी जिथे गावची गुरं चरत, अशी कितीतरी सामायिक जमीन अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत कायद्यानं खासगी झाली होती. श्रीमंत जमीनदार मूरवर ग्राउझ पक्षी राखत. शिकारीचा हंगाम १२ ऑगस्टला सुरू होतो, म्हणजे नेमकं हेदर फुललेलं असतं तेव्हा. त्यामुळे गिरणीच्या खिडकीतून समोर दिसणाऱ्या मूरवर पाऊल टाकलं, की रखवालदार दंडुका घेऊन हजर.

चालण्याची चटक लागलेली माणसं किती दिवस ऐकणार? २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टरचा वीस वर्षांचा बेनी रॉथमन चारेकशे जणांसह हेफील्डहून किंडर स्काउट या मूरवर निघाला. रखवालदारांशी झटापट झाली. पाच तरुणांना दोन ते सहा महिन्यांचा तुरुंगवास झाला. त्यात रॉथमनला चार महिने. पदयात्रींच्या प्रस्थापित संघटनेनं या धाडसाला विरोधच केला होता. शिक्षा झाल्यावर मात्र लोकमत फिरलं.

१९३८मध्ये पगारी सुटीचा कायदा आला. १९४९मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला आणि १९५१मध्ये पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान ठरलं. किंडर स्काउट त्यातच येतं. इंग्लंड आणि वेल्समधल्या नकाशावर नोंदलेल्या मोकळ्या मूरवर पायी फिरण्याचा हक्क मात्र थेट २०००च्या कायद्यानं मिळाला. लेनर्ड १९४८मध्येच वारले होते. त्यांची ‘हॉलिडे फेलोशिप’ आजही लोकांना मुक्कामाला ठेवून डोंगरात चालायला नेते.