तुमच्या माऊसला लायसन्स लागतं का? बिनतारी कीबोर्ड-माऊसचा इतिहास

ऐकायच्या ऐवजी वाचणाऱ्यांसाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलण्याच्या ओघातलं "म्हणजे" आणि "तर" थोडं कमी केलंय, बाकी तसंच ठेवलंय.

घरात सत्तरीच्या पुढचं कुणी असेल तर त्यांना विचारून बघा, "तुमच्याकडे रेडिओचं लायसन्स होतं का?" बहुतेक जण हसतील आणि मग सांगायला लागतील. पासबुकासारखं एक छोटं पुस्तक असायचं. दरवर्षी पोस्टात जायचं, पैसे भरायचे, पुस्तकात तिकीट चिकटवून शिक्का मारून आणायचा. १९८०च्या दशकापर्यंत आपल्याकडे हे चालू होतं. आणि हे कशासाठी? तर बिनाका गीतमाला ऐकण्यासाठी. रेडिओ बिचारा फक्त ऐकायचा, तो काही हवेत सोडत नव्हता.

आता तुमच्या टेबलावरचा बिनतारी कीबोर्ड बघा. तो नुसता ऐकत नाही, बोलतो. तुम्ही 'क' दाबला की त्याच्या पोटातला छोटा ट्रान्समीटर हवेत रेडिओलहरी सोडतो आणि यूएसबीला लावलेला नखाएवढा डोंगल त्या पकडतो. म्हणजे तांत्रिक भाषेत तुमच्या घरात एक नाही, दोन प्रक्षेपण केंद्रं आहेत, कारण माऊसचंही वेगळं. १९३३च्या भारतीय बिनतारी तारायंत्र कायद्यानुसार असलं उपकरण लायसन्सशिवाय जवळ बाळगणं हाच गुन्हा. मग आपण दुकानातून हजार-बाराशेचा सेट उचलून आणतो आणि कुणी काही विचारत नाही, हे कसं झालं? आजची गोष्ट ती आहे.

माऊसचा जन्म झटपट सांगतो, कारण तो बऱ्याच जणांना माहीत असेल. डग्लस एंगलबार्ट यांची कल्पना, बिल इंग्लिश यांनी १९६४च्या सुमारास कॅलिफोर्नियात बनवलेला लाकडी ठोकळा, आणि ९ डिसेंबर १९६८ला सॅन फ्रान्सिस्कोत झालेलं जाहीर प्रात्यक्षिक. वायर शेपटीसारखी दिसते म्हणून नाव माऊस. थोडक्यात, ज्या शेपटीवरून नाव पडलं तीच पुढे आपण कापून टाकली.

ती कापायचा पहिला मोठा प्रयत्न आयबीएमने केला, आणि तो सपशेल आपटला. १ नोव्हेंबर १९८३ला त्यांनी 'पीसी ज्युनियर' नावाचा घरगुती कॉम्प्युटर जाहीर केला. त्याचा कीबोर्ड बिनतारी होता! पण रेडिओवर नाही, इन्फ्रारेडवर, म्हणजे टीव्हीच्या रिमोटसारखा. सोफ्यावर बसून, कीबोर्ड मांडीवर घेऊन सगळं कुटुंब कॉम्प्युटर वापरेल असं ते स्वप्न होतं. आता रिमोटचं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. मध्ये कुणी उभं राहिलं की चॅनेल बदलत नाही. इथेही तेच. कीबोर्ड जरा वाकडा धरला, मध्ये चहाचा कप आला, की अक्षर गायब. त्यात चार पेन्सिल सेल खाणारा. शाळेत एका खोलीत दोन-तीन ज्युनियर ठेवले की एकाचं टायपिंग दुसऱ्याच्या पडद्यावर. आणि मला सगळ्यात आवडणारा भाग म्हणजे आयबीएमने या बिनतारी कीबोर्डसाठी वायर वेगळी विकायला ठेवली होती. कीबोर्डच्या बटणांवरही इतकी टीका झाली की १९८४मध्येच तो बदलून द्यावा लागला, आणि मार्च १९८५मध्ये कॉम्प्युटरच बंद केला. माझं मत विचाराल तर कल्पना चुकीची नव्हती, वाट चुकली होती. प्रकाश भिंतीला अडतो, कपाला अडतो. हवी होती रेडिओलहर.

ती आणली लॉजिटेकने. १९८१मध्ये स्वित्झर्लंडमधल्या ॲपल्स नावाच्या गावात सुरू झालेली कंपनी (हो, गावाचं नाव खरंच ॲपल्स आहे). १९९१मध्ये त्यांनी रेडिओवर चालणारा माऊस बाजारात आणला. पुढची दहा-पंधरा वर्षं असे सेट २७ मेगाहर्ट्झच्या आसपास चालायचे. खेळण्यातल्या रिमोटच्या गाड्याही तिथेच चालायच्या. अडचण अशी की या पट्ट्यात जागा कमी, चॅनेल मोजकेच. २००२मध्ये नॉर्वेतल्या स्टॅव्हँगर शहरात एका माणसाच्या पडद्यावर आपोआप मजकूर उमटायला लागला. शोध घेतला तर तो सुमारे दीडशे मीटरवरच्या शेजाऱ्याच्या बिनतारी कीबोर्डमधून येत होता. शेजारी आपल्या घरात टाइप करतोय आणि अक्षरं दुसऱ्याच्याही घरात उमटतायत. बातमी मजेशीर म्हणून छापून आली. पण जरा विचार करा, त्या मजकुरात बँकेचा पासवर्ड असता तर? हा मुद्दा लक्षात ठेवा, आपण परत तिथे येणार आहोत.

आता खरी कलाटणी. तुमच्या डोंगलवर किंवा खोक्यावर '२.४ गिगाहर्ट्झ' लिहिलेलं असतं. वायफाय तिथेच, ब्लूटूथ तिथेच, आणि मायक्रोवेव्ह ओव्हनसुद्धा तिथेच! हा पट्टा काही खास चांगला होता म्हणून मिळालेला नाही. १९४७मध्ये अमेरिकेतल्या अटलांटिक सिटीत आंतरराष्ट्रीय परिषद झाली आणि तिथे काही पट्टे औद्योगिक, वैज्ञानिक आणि वैद्यकीय यंत्रांसाठी बाजूला काढले गेले. म्हणजे तापवणं, सुकवणं, शेकणं. अशी यंत्रं इतका गोंगाट करणार की तिथे कुणाला संदेश पाठवायचेच नव्हते. रेडिओच्या दुनियेतली कचराकुंडीच म्हणा. जाता जाता, पाणी नेमकं याच लहरीवर तापतं म्हणून ओव्हनसाठी ती निवडली, असं व्हॉट्सॲपवर फिरतं. ते खरं नाही. पाणी इतर लहरींवरही तापतं.

१९८५च्या मे महिन्यात अमेरिकेच्या एफसीसी या नियामक संस्थेने ठरवलं की या कचऱ्याच्या पट्ट्यांमध्ये लायसन्सशिवाय प्रक्षेपण करायला हरकत नाही, अट इतकीच की सिग्नल एका जागी अडून न बसता पसरलेला हवा. मायकेल मार्कस नावाच्या अभियंत्याने संस्थेच्या आत राहून हा प्रस्ताव रेटला होता. सिग्नल पसरवायची एक पद्धत म्हणजे सतत उड्या मारणं. एका लहरीवर गोंगाट असेल तर पुढच्या क्षणी दुसरीवर. १९९४मध्ये स्वीडनच्या एरिक्सनमध्ये ज्यावर काम सुरू झालं ते ब्लूटूथ हेच करतं. मूळ ब्लूटूथ ७९ चॅनेलांवर सेकंदाला १,६०० उड्या मारतं.

इथे हेडी लामार यांचं नाव निघतंच. हॉलिवूडची नटी, आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांच्याबरोबर ११ ऑगस्ट १९४२ला मिळालेलं पेटंट. टॉर्पेडोला पाठवायचा सिग्नल ८८ लहरींवर उड्या मारेल, पियानोच्या ८८ पट्ट्यांइतक्या, अशी कल्पना. "वायफाय एका नटीने शोधलं" अशा रील्स तुम्ही पाहिल्या असतील. तेवढं ताणू नका. लहरी बदलत राहण्याचा विचार त्यांच्या आधीही झाला होता, आणि ब्लूटूथ काही त्या पेटंटवरून थेट बनलं नाही. पण युद्धकाळात त्यांनी डोकं लढवलं ते अस्सल होतं, आणि तेवढंही कमी नाही.

आपल्याकडे काय? इथे सवलती तुकड्यातुकड्यांनी आल्या, आणि २८ जानेवारी २००५च्या अधिसूचनेने २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी लायसन्समुक्त झाला, घरात आणि घराबाहेरही. तोवर १९३३चा कायदा जागच्या जागी होता, फक्त त्यातून या पट्ट्याला सूट मिळाली. म्हणून तुमच्या माऊसला पोस्टात जाऊन शिक्का मारून आणावा लागत नाही. (तो १९३३चा आणि त्याहून जुना १८८५चा तार कायदा बदलण्यासाठी २०२३मध्ये नवा दूरसंचार कायदा संमत झाला.)

पण या सवलतीला शेपूट आहे. नियम सांगतो की हा वापर सामायिक, तुम्ही दुसऱ्याला अडथळा आणायचा नाही, आणि दुसऱ्याने तुम्हाला आणला तर संरक्षण मागायचं नाही. सार्वजनिक नळासारखं आहे हे. पाणी फुकट, पण रांगेतल्या भांडणाची तक्रार कुणाकडे करणार? वरच्या मजल्यावरच्या वायफायमुळे तुमचा माऊस अडखळला तर कायदा तुमच्या मदतीला येत नाही.

आता राहिलेला मुद्दा, पासवर्डचा. लहर सगळ्यांची, म्हणजे ती ऐकायलाही सगळे मोकळे. मग कीबोर्डने कुलूप लावूनच बोलायला हवं ना? बरीच वर्षं ते कुलूप नावालाच होतं. २००७मध्ये स्वित्झर्लंडच्या संशोधकांनी मायक्रोसॉफ्टच्या २७ मेगाहर्ट्झवरच्या कीबोर्डचं कुलूप उघडून दाखवलं. किल्ली फक्त एका बाइटची, म्हणजे २५६ शक्यता. एवढ्या तर कॉम्प्युटर पापणी लवायच्या आत तपासतो. २०१५मध्ये सॅमी कामकार याने भिंतीतल्या मोबाइल चार्जरसारखं दिसणारं एक यंत्र बनवलं. खोलीत नुसतं प्लगला लावून ठेवलं की काही कीबोर्डांवर दाबलेली प्रत्येक कळ ते टिपून घ्यायचं. २०१६मध्ये बॅस्टिल या कंपनीने दोन गोष्टी उघड केल्या. पहिली, आठ कंपन्यांचे स्वस्त कीबोर्ड कुलूपच लावत नव्हते, सगळं उघडं बोलत होते. दुसरी जास्त गमतीची. चांगल्या सेटमध्ये कीबोर्डला कुलूप असायचं, पण माऊसला नाही, कारण माऊसच्या हालचालीत गुपित ते काय? मग हल्लेखोराने माऊस असल्याचा आव आणून कळा पाठवायच्या, आणि कित्येक डोंगल ते निमूटपणे स्वीकारायचे. पुढच्या दाराला पितळी कुलूप आणि मागचं दार फक्त लोटलेलं!

मग काय करायचं? घाबरून सेट फेकायचा नाही. घेताना खोक्यावर किंवा कंपनीच्या पानावर 'एन्क्रिप्शन' हा शब्द आहे का बघा, 'एईएस १२८' लिहिलेलं असेल तर उत्तम. कीबोर्डबद्दल काहीच माहिती नसेल, जुना असेल किंवा बिननावाचा असेल, तर गाणी-सिनेमासाठी खुशाल वापरा, बँकेचा पासवर्ड मात्र लॅपटॉपच्याच कीबोर्डवर टाका. डोंगलचं सॉफ्टवेअर अपडेट आलं तर टाळू नका. २०१६नंतर काही कंपन्यांनी ते भोक असंच बुजवलं.

आणि माऊस अडखळत असेल तर लगेच सेल बदलायला धावू नका. यूएसबी ३, म्हणजे ती बहुधा निळी असणारी जागा, तिथे हार्ड डिस्क चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट होतो. इंटेलने २०१२मध्येच हे मोजून छापलं होतं. डोंगल तिला चिकटून असेल तर त्याला काही ऐकू येत नाही. तो दुसऱ्या बाजूला लावा, किंवा छोटी एक्स्टेन्शन वायर घेऊन माऊसच्या जवळ आणा. हो, बिनतारी माऊससाठी वायर. आयबीएमवाल्यांना हसू आलं असतं.

कीबोर्डवर मराठी कशी आली, रेमिंग्टन की इनस्क्रिप्ट, हा वेगळाच मोठा विषय आहे. तो पुढच्या भागात.