कडेची काकू

आमच्या जुन्या फोटोंत शिवनेरी कायम धुक्यात, मे महिन्यातसुद्धा! हा प्रताप जुन्नरच्या हवेचा नव्हे, बाबांच्या ‘आग्फा क्लिक थ्री’चा. त्याला चंद्रकोरीसारखं एकच भिंग. त्याचा मूळपुरुष वुलस्टनसाहेबांचा, १८१२ मधला. मधला माणूस ठसठशीत, कडेचा विरघळलेला, असा या घराण्याचा बाणा. एका रोलमध्ये फोटो मोजून बारा. मधोमध अर्थातच आजोबा. सगळ्यांना बसवून शेवटी पदर सावरत येणारी मंचरची काकू कडेला. हल्ली हौशी मंडळी या धूसरपणाला ‘कॅरॅक्टर’ म्हणतात. म्हणोत बापडी! काकू आता नाही. बाराही फोटोंत ती आहे, चेहरा मात्र एकातही नाही. तिला कुणी मध्ये बसवलं नाही, हे त्या भिंगानं इमानेइतबारे नोंदवून ठेवलंय.